सात नंबरातली गादी

१

हे लिहायचं माझ्या मनात नव्हतं. कॉलेजला पन्नास वर्षं झाली म्हणून अंक काढून राहिले आहेत. त्यात जुन्या वसतिगृहाची एखादी गमतीची आठवण द्या, असं सांगायला तीन वेळा माणूस आला. तिन्ही वेळा मी त्याला चहा पाजून परत पाठवला. चौथ्यांदा तो उठेचना. म्हणे, डोमाजी, तुमच्याइतकं जुनं आता कोणी उरलं नाही. मी उरलो त्यात माझी काय चूक? जाताना कोरे कागद ठेवून गेला. आता लिहितो, पण सांगून ठेवतो. मी चौथी शिकलेला माणूस आहे. माझ्या अक्षराला हसायचं नाही आणि लिहिलेली एक ओळ कापायची नाही. आणि यात गंमत नाही.

मी वसतिगृहाचा शिपाई होतो. वर्ध्यात, कॉलेजच्या मागच्या अंगाला, बारा खोल्यांची एक कौलारू ओळ. समोर लांब ओसरी. प्रत्येक खोलीत दोन लोखंडी खाटा, एक खिडकी, एक कुलूप. कुलपाच्या दोन चाव्या. एक पोरांकडे, दुसरी माझ्या जुडग्यात. ही चाव्यांची गोष्ट ध्यानात ठेवा.

पुढचं जे आहे ते माझं नाही, सात नंबरातल्या गुलाबचं आहे. त्याच्या डोक्यात काय चाललं होतं ते त्यानं पुढे मला माझ्या घरी बसून सांगितलं, दोन दिवस. मी त्यात माझ्याकडून मीठ घातलेलं नाही.

२

एकोणऐंशी साल. पाऊस लांबला होता. गुलाब समुद्रपूरकडच्या एका खेड्यातून आला. एसटीच्या टपावर एक पेटी आणि सुतळीनं बांधलेली गादी. बाप हिंगणघाटला जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाचे गठ्ठे वाहायचा. माय, जिजाबाई, दुसऱ्याच्या वावरात वेचणीला जायची. वेचणी झाल्यावर झाडाला जो फुटका, किडका कापूस राहतो तो मालकाला विचारून ती लुगड्याच्या ओट्यात घेऊन यायची. तीन हंगाम तिनं तो जमवला. त्याची ही गादी. पातळ होती, पण शिवण अशी बारीक की शिंप्यानं मान खाली घालावी.

"पाठ टेकायपुरती आहे रे बापू," ती म्हणाली होती. "पास झाला का जाड करू."

वसतिगृहात जागा फुकट होती, पण एका अटीवर. पहिल्या वर्षी एकाही विषयात नापास व्हायचं नाही. झाला की पेटी उचलायची. आणि पेटी उचलली की सरळ जिन, बापाच्या बाजूला. गुलाबला तिसरा रस्ता नव्हता.

त्या दिवशी ओसरीत पिंजारी बसला होता. दरसाल जूनमध्ये तो यायचा, वसतिगृहाच्या गाद्या उसवून कापूस पिंजायचा आणि परत भरायचा. पिंजणाच्या तारेचा टण्ण्-धप्, टण्ण्-धप् असा आवाज दिवसभर चालू. आमचे रेक्टर प्रभाकरराव तिथेच खुर्ची टाकून बसलेले. रेक्टर माणूस वाईट नव्हता, पण हात आखडता. वापरलेल्या लिफाफ्याच्या उलट्या बाजूवर चिठ्ठ्या लिहायचा. त्यांनी गुलाबची गादी दोन बोटांत धरून पाहिली.

"ही गादी आहे का दुपट्टा?" ते म्हणाले. "डोमाजी, कोठीत एक जुनी गादी पडली आहे, निळ्या पट्ट्यांची. ती आण. याच्यातच टाकून पिंजून दे म्हणा. पोरगं जरा सुखानं झोपेल."

मी आणली. पिंजाऱ्यानं दोन्ही गाद्या उसवल्या. मायचा पांढरा कापूस आणि तो पिवळसर जुना, एकाच ढिगात टाकून पिंजला. मी विचारलं होतं, "साहेब, हे कोणाची गादी होय?"

"वसतिगृहाची," प्रभाकरराव म्हणाले.

संध्याकाळी गुलाब सात नंबरात गेला तेव्हा गादी चार बोटं जाड झाली होती. त्याला आनंद झाला. मला पण.

३

सात नंबरात आधीपासून प्रेमदास होता. बोर धरणाजवळच्या हिंगणीचा. दुसऱ्या वर्षाला नापास होऊन मागच्याच महिन्यात दुसऱ्या कॉलेजातून इकडे आलेला. सहा फुटांचं धूड. खाटेवर झोपला की पाय दाराकडे लोंबायचे.

त्याच्यासोबत राहणं म्हणजे बैल घरात बांधण्यासारखं होतं. पहाटे पाचला तो असा खाकरायचा की चार नंबरातली पोरं शिव्या द्यायची. ओली लुंगी गुलाबच्या पुस्तकांवर वाळत घालायचा. गुलाबचा साबण त्याच्या अंगाला लागून पंधरा दिवसांत पापुद्रा व्हायचा. वाचायचा तर मोठ्यानं, आणि एकच ओळ दहा वेळा. खिडकी उघडली की हा लावणार, लावली की उघडणार.

गुलाब भांडणारा पोरगा नव्हता. भांडण करून जागा गेली तर? त्यानं खडूनं खोलीच्या मधोमध रेघ ओढली.

प्रेमदास आला, रेघेकडे पाहिलं, कमरेवर हात ठेवले. "काऊन बे? पाकिस्तान करून राह्यला काय?"

"तुमचं सामान तिकडं राहू द्या. मायं इकडं."

"आन दरवाजा कोणाच्या देशात आहे? मी काय खिडकीतून येऊ?"

गुलाबला हसू आलं नाही. तो थकला होता. सकाळी कॉलेज, दुपारी प्रॅक्टिकल, रात्री याचं घोरणं. उद्याचा दिवस निघाला म्हणजे झालं, असं त्याचं चाललं होतं. पोळा गेला, दसरा गेला, रेघ पुसली जायची आणि तो परत ओढायचा.

४

दिवाळीनंतरची गोष्ट. गुलाबला एक सवय मायनं लावली होती. सकाळी उठलं की गादी झटकायची आणि चादर चारी कोपऱ्यांनी ताणून खोचायची, हात फिरवला तर सुरकुती लागू नये अशी.

एके दिवशी प्रॅक्टिकल करून चार वाजता तो आला. कुलूप उघडलं. चादर तशीच खोचलेली होती. पण गादीत खड्डा होता.

कोणी झोपून उठल्यावर कापूस दबून राहतो, तसा. डोक्याचा एक, खांद्याचा एक, कमरेचा एक. खालच्या बाजूला गुडघे पोटाशी घेतल्यासारखी खोल वळलेली जागा. भिंतीकडे तोंड करून, कुशीवर. गुलाब उताणा झोपायचा, लहानपणापासून.

त्याला पहिल्यांदा रागच आला, दुसरं काही नाही. प्रेमदास आल्या-आल्या त्यानं विचारलं, "दुपारी मायावाल्या गादीवर झोपला होता न तुम्ही?"

"मी? मी त सेलूले गेलतो मामाकडं."

"मंग हे कोण झोपलं?"

प्रेमदासनं वाकून पाहिलं. मग आपल्या पायांकडे पाहिलं. "आबे, मले पाह्य आन हे पाह्य. हे कायतरी लहानसं आहे. मायं एक पायही नाई मावत याच्यात."

गुलाबनं वीत लावून मोजलं. डोक्यापासून गुडघ्यापर्यंत साडेपाच विती. त्यानं मनाशी धरलं, अंग चोरून झोपला असेल. चोरून झोपणारा अंगही चोरूनच झोपेल. हिशेब बसला. दुसऱ्या दिवशी त्यानं गादी उलटी टाकली, काठीनं बडवली, कापूस सारखा केला, चादर ताणली.

चार वाजता खड्डा परत तिथेच होता. दुसऱ्या अंगानं टाकलेल्या गादीला, त्याच जागी.

५

मग ते रोजचंच झालं. रोज नाही, आठवड्यातून तीन-चारदा. माणसाला कशाचीही सवय होते. गुलाब आला की खड्ड्यावर हात फिरवायचा, कापूस वर ओढायचा आणि वाचायला बसायचा. रात्री तो त्याच गादीवर झोपायचा, आणि रात्री काही नसायचं. म्हणून तर त्याला खात्री होती की हे दिवसाचं, माणसाचं काम आहे.

एकदा रविवारी, जेवण झाल्यावर, तो प्रेमदासच्या खाटेवर उजेडाला बसून वाचत होता. प्रेमदास ओसरीत कपडे धूत होता, धपाधप आवाज येत होता. कापसाच्या गादीवर कोणी अलगद बसलं म्हणजे हवा निघाल्यासारखा एक आवाज येतो. फुस्स. तसा आवाज झाला. गुलाबनं मान वर केली नाही. पानावरची ओळ परत वाचली. मग परत वाचली. प्रेमदासवर तो ज्या गोष्टीसाठी चिडायचा तीच आता तो करत होता. शेवटी त्यानं पाहिलं तर चादरीवर डोक्याच्या जागी वाटीएवढा खळगा होता आणि तो भरत नव्हता.

गादी नवी पिंजलेली आहे, कापूस बसतो, आवाज करतो, त्यानं स्वतःला समजावलं. कापसाच्या मुलखातला पोरगा तो. कापूस बसतो हे त्याला माहीत होतं. एकाच जागी का बसतो, ते त्यानं विचारलं नाही.

मग प्रेमदास बदलला. खाकरणं कमी झालं. लुंगी आपल्या खुंटीवर घालायला लागला. दुपारी खोलीत थांबेना, खाट ओसरीत ओढून झोपायचा. एक दिवस जेवताना हळूच म्हणाला, "गुलाब, तुयी तब्येत बरी नाई काय?"

"काऊन?"

"काल तीन वाजता मी वही न्यायले आलतो. चावी तुयाकडं, म्हणून खिडकीतून पाह्यलं. तू भिंतीकडं तोंड करून पडला होता, चादर डोक्यावरून घेऊन. दोन हाका मारल्या. उठला नाई."

गुलाबच्या हातातला घास थांबला. "काल तीन वाजता मी लायब्ररीत होतो."

प्रेमदास त्याच्याकडे पाहत राहिला. मग ताट घेऊन उठला. अर्धी भाकर तशीच होती, आणि भाकर टाकणारा पोट्टा नव्हता तो.

गुलाबला वाटलं, हा आता मला भेवाडून राहिला. मी घाबरून खोली सोडावी म्हणून. जानेवारी लागला होता, परीक्षा तीन महिन्यांवर. रात्रभर विचार करून तो सकाळी प्रभाकररावांकडे गेला आणि तक्रार दिली. माझ्या गादीवर झोपतो, खोटं बोलतो, अभ्यास होऊ देत नाही.

प्रभाकररावांनी सगळं ऐकलं. फक्त एकदा विचारलं, "गादीवर? तुझ्याच?" मग लिफाफ्याच्या उलट्या बाजूवर चिठ्ठी लिहिली. प्रेमदासला आठ दिवसांत खोली सोडायला सांगितलं.

गेला बिचारा. हिंगणीहून रोज एसटीनं येणं त्याला जमलं नाही, महिन्याभरात कॉलेज सुटलं, बोरच्या कालव्यावर मुकादमाच्या हाताखाली लागला. जाताना पेटी खांद्यावर घेऊन दारात उभा राहिला होता.

"तुयावर राग नाई मले," तो म्हणाला. "पण एकट्यानं नको राहू बे. दुपारची खिडकी उघडी ठेवत जाजो."

६

आता सात नंबरात गुलाब एकटा. समोरची खाट उघडी, नुसत्या लोखंडी पट्ट्या. खडूची रेघ त्यानं स्वतःच पुसली.

चौथ्या दिवशी खड्डा होता.

आता दुसरी चावी कोणाकडे? माझ्याकडे. गुलाबनं तेही धरलं. म्हातारा शिपाई दुपारी थंड खोली पाहून आडवा होत असेल. मी काही तेव्हा म्हातारा नव्हतो, पण अंगानं लहानखोरा आहे, साडेपाच वितींत बसलो असतो. हिशेब परत बसला.

प्रभाकररावांनी मला जेवणाच्या वेळी, सगळ्या पोरांसमोर उभं केलं.

"पोरांच्या गाद्यांवर लोळतोस?"

"साहेब, लेकराची आण, त्या खोलीत मी पाय नाई टाकला."

"मग कोण झोपते? भूत?" पोरं हसली. साहेब हसले नाहीत. माझ्याकडे पाहतही नव्हते, खिडकीबाहेर पाहत होते. ते मी तेव्हाच पाहिलं होतं, पण अर्थ लागला नाही. माझं जुडगं काढून घेतलं आणि मला कॉलेजच्या मैदानावर झाडझुडीला लावलं. अकरा वर्षं मी त्या चाव्या सांभाळल्या होत्या. घरी बायकोला सांगायला मला तीन दिवस लागले.

आता एक चावी गुलाबच्या कमरेच्या करगोट्याला, दुसरी साहेबांच्या टेबलाच्या खणात. गुलाबला दोन दिवस चांगली झोप लागली.

तिसऱ्या दिवशी खड्डा आधीपेक्षा खोल होता. आणि आता संशय घ्यायला कोणी उरलं नव्हतं.

७

एप्रिल. वर्ध्याचं ऊन काय असतं ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. पेपर सकाळी आठ ते अकरा. पाचातले तीन झाले होते. गुलाब आता गादीकडे पाहत नव्हता. आला की पाठ करून बसायचा. जमिनीवर झोपून पाहिलं, तर फरशी तापलेली. गादी बाहेर टाकून द्यावी असं एकदा मनात आलं, पण तीन हंगामांचा ओटा त्यात होता. मायनं विचारलं असतं, गादी कुठं आहे रे?

चौथा पेपर हिशेबाचा होता, अवघड गेला. साडेअकराला तो आला. कुलूप त्यानंच लावलेलं, त्यानंच उघडलं. गादी सपाट होती. चादर ताठ, एक सुरकुती नाही.

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बसलं एकदाचं, त्याला वाटलं. कापूस बसला. चप्पल काढून तो आडवा झाला, उताणा, आपला होता तसा. बाहेर कडुनिंबावर एक पक्षी एकच सूर लावून बसला होता. डोळे मिटायला आले.

भिंतीकडची बाजू खचली. हळूहळू. फुस्स.

खाटेवर दुसरं कोणी बसलं की आपण त्या बाजूला जरासे घरंगळतो. गुलाब घरंगळला. बोटभरच. त्यानं मान वळवली नाही. वर कौलं मोजली. एक ओळ मोजून झाली. मग त्याच्या दंडाजवळची चादर ओढली जाऊ लागली, झोपेत लहान पोर मायचं लुगडं मुठीत धरतं तशी, थोडी थोडी.

तो कसा उठला ते त्याला आठवत नाही. दारात पोचल्यावर मात्र त्यानं मागे पाहिलं. तेवढं पाहायला नको होतं, असं तो मला म्हणाला.

गादीत दोन खड्डे होते. एक त्याचा, उताणा, मोठा. त्याला लागून दुसरा, तो लहान, ओळखीचा. पण आता त्याचे गुडघे भिंतीकडे नव्हते. त्यानं कूस बदलली होती. डोकं, खांदा, गुडघे, सगळं इकडे वळलेलं होतं, गुलाबच्या जागेकडे. आणि मधे चादरीला एक चुण्यांचा गोळा होता, मूठ आवळल्यासारखा. ती मूठ अजून सैल होत नव्हती.

८

मी मैदानात कडुनिंबाखाली बसून भाकर खात होतो. गुलाब अनवाणी आला, त्या फुफाट्यातून. माझ्यासमोर बसला.

"डोमाजी, पिंजारी आला होता त्या दिवशी, मायावाल्या गादीत काय टाकलं?"

मी सांगितलं. निळ्या पट्ट्यांची जुनी गादी, कोठीतली.

"कोणाची होती?"

"वसतिगृहाची, म्हणे."

माझं मलाच ऐकू आलं. वसतिगृहाच्या सगळ्या गाद्या खाकी खोळीच्या. निळ्या पट्ट्यांची एकही नव्हती. ती कोण्या घरून आलेली होती. अकरा वर्षं चाव्या सांभाळणाऱ्या माणसाच्या हे तेव्हा ध्यानात येऊ नये?

आम्ही दोघं प्रभाकररावांकडे गेलो. मी विचारलं, "साहेब, ते निळी गादी कोणाची?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. "सात नंबरातला पोरगा होता. अठ्ठ्याहत्तरच्या साली, उन्हाळी सुट्टीत, बाकी पोरं गावाला गेली होती. तू पोरीच्या लग्नाला सुट्टीवर होतास. तापानं फणफणला. मी म्हटलं, पडून राहा, उतरेल. तीन दिवस भिंतीकडं तोंड करून पडून होता."

"मंग?"

"चौथ्या दिवशी गेला. तुला मी कॉलेज सोडून घरी गेला म्हणून सांगितलं."

आमच्याकडे माणूस गेला की त्याचं अंथरूण त्याच दिवशी घराबाहेर जातं. कोणी जाळतं, कोणी नदीला देतं. गरीबातलं गरीब घर ते मागे ठेवत नाही. "अंथरूण बाहेर काऊन नाई टाकलं, साहेब?"

"कापूस चांगला होता," प्रभाकरराव म्हणाले.

मी पिंजाऱ्याला शोधून आणला. गुलाबनं त्याला एकच विचारलं, "भाऊ, यातला मायच्या हातचा वेगळा काढता येईन काय?"

पिंजाऱ्यानं शिवण उसवली, मूठभर कापूस उजेडात धरला, आणि परत आत ठेवला. "पिंजलेला कापूस वेगळा नाई होत, बापू."

ऊन उतरायच्या आत आम्ही गादी नदीकाठी नेऊन जाळली. मायचा कापूस पण जळला. पाचवा पेपर गुलाबनं ओसरीत अभ्यास करून दिला आणि पास झाला. चंद्रपूरला साहेब झाला. आजही चटईवर झोपतो. भिंतीकडे हातभर जागा सोडून. का, ते त्यानं बायकोला सांगितलेलं नाही.

नोकरी लागल्यावर तो पहिल्यांदा हिंगणीला गेला, प्रेमदासच्या पाया पडला. मग माझ्याकडे आला. दोघांचं फिटलं.

पण सगळं माहीत असून ज्यानं आधी प्रेमदासला जाऊ दिलं, मग माझ्या चाव्या घेतल्या, चारचौघांत माझं हसं केलं, आणि आजवर त्याबद्दल एक शब्द बोलला नाही, त्याचा फोटो तुमच्या अंकाच्या पहिल्या पानावर येणार आहे म्हणतात. येऊ द्या. हे त्याच्या बाजूला छापा. सेलूला राहतो, कान शाबूत आहेत, कोणीतरी वाचून दाखवा त्याला. प्रभाकररावाला.